पाळण्यातले पाय आणि चोविसाव्या वर्षीचा स्कोअर

आलेला प्रश्न थोडक्यात असा: “वय २४. गेल्या आठवड्यात ऑनलाइन तीन टेस्ट दिल्या. ग्रिट (म्हणजे चिकाटी) ५ पैकी २.४, आत्मसंयम ‘सरासरीपेक्षा कमी’ आणि अटॅचमेंट स्टाइल (जवळच्या नात्यात माणूस कसा गुंततो ती पद्धत) ‘अँक्शस’, म्हणजे धास्तावलेली. नंतर वाचत बसलो, तर सगळीकडे हेच की शिक्षण, करिअर आणि नातेसंबंध कसे जातील याचं भाकीत याच गोष्टींवरून करता येतं. माझा प्रबंध आठ महिने रखडलाय, पहिली नोकरी सहा महिन्यांत सोडली, दीड वर्षाच्या नात्यात रोज धाकधूक असते. म्हणजे सगळं जुळतंच आहे. मग धडपडण्यात अर्थ आहे का? आणि हे रिझल्ट जोडीदाराला दाखवू का?”

समुपदेशनाच्या कामात मला बावीस वर्षं झाली. त्यातली पहिली सहा चाचण्या घेण्यात आणि त्यांचे रिपोर्ट लिहिण्यात गेली, त्यामुळे तुमच्या समोरचे ते आकडे कुठल्या भट्टीतून निघतात ते मी आतून पाहिलेलं आहे. म्हणून जरा लांबण लावते.

तुमच्या प्रश्नात मला एक वेगळाच प्रश्न दिसतो. हजारो लोकांच्या गटाबद्दल खरं असलेलं वाक्य एका माणसाबद्दल कितपत खरं असतं? सगळा घोळ ‘भाकीत’ या शब्दात आहे. आपण भाकीत म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे ज्योतिषी येतो. शोधनिबंधात ‘प्रेडिक्ट’ हे क्रियापद फार कोरड्या अर्थानं येतं: एका आकड्यासोबत दुसरा आकडा सरासरीनं थोडा वरखाली होतो. बस, एवढंच.

हे ‘थोडा’ म्हणजे किती, ते कागदावर मांडून बघा. शंभर जण घ्या. आत्मसंयमाच्या स्कोअरवरून वरचे पन्नास आणि खालचे पन्नास असे दोन गट पाडा. दहा वर्षांनी त्याच शंभरांची शैक्षणिक यशावरून पुन्हा वाटणी करा. स्कोअरचा यशाशी काडीचाही संबंध नसता, तर खालच्या पन्नासांतले पंचवीस जण वरच्या निम्म्यात दिसले असते. आता सहसंबंध (दोन आकडे किती जुळून वरखाली होतात त्याचं माप; ० म्हणजे संबंधच नाही, १ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.३ आहे असं धरा. आमच्या क्षेत्रात हा आकडा चांगला मानतात, त्यावर लोक आनंदानं निबंध छापतात. तेव्हा किती दिसतील? साधारण वीस. पंचविसाचे वीस झाले. एक लाख मुलांचा विचार करणाऱ्या धोरणकर्त्याला हा फरक मोठा आहे, कारण तिथे पाच हजार मुलं इकडची तिकडे होतात. पण खालच्या गटातल्या एकाला समोर बसवून ‘तुझं काही खरं नाही’ म्हणायला तो अजिबात पुरेसा नाही. पन्नासांतल्या वीस वेळा मी तोंडावर पडेन.

आणि ग्रिटचा आकडा तर ०.३ च्याही खाली आहे. अँजेला डकवर्थ यांनी २००७ मध्ये ही संकल्पना मांडली आणि ती वाऱ्यासारखी पसरली. २०१७ मध्ये मार्कस क्रेडे आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. ग्रिटचा कामगिरीशी सहसंबंध ०.१८ च्या आसपास निघाला. शिवाय ‘कर्तव्यदक्षता’ नावाचा जो जुना व्यक्तिमत्त्वगुण आम्ही कित्येक दशकं मोजत आलो होतो, त्याच्याशी ग्रिट ०.८४ इतकं जुळलं. म्हणजे नवी बाटली, जुनी दारू. आत्मसंयमही बराचसा याच कर्तव्यदक्षतेत मोडतो. म्हणजे तुमच्या तीन टेस्टपैकी दोन बऱ्याच अंशी एकच गोष्ट मोजतात, तेव्हा त्यांना दोन स्वतंत्र साक्षीदार धरू नका.

पण उलट्या टोकाला जाऊन ‘हे संशोधन म्हणजे थोतांड’ असं मी म्हणणार नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा मागोवा संशोधक आजवर घेत आले आहेत. टेरी मॉफिट यांच्या गटानं २०११ मध्ये दाखवलं की लहानपणीच्या आत्मसंयमाचा बत्तिसाव्या वर्षीच्या आरोग्याशी, आर्थिक स्थितीशी आणि गुन्ह्यांशीही संबंध दिसतो. घरची परिस्थिती आणि बुद्ध्यांक हिशेबात घेऊनही तो उरतो. हा भक्कम अभ्यास आहे. फक्त तिथे आत्मसंयम कसा मोजला ते पाहा. वयाच्या तिसऱ्या ते अकराव्या वर्षापर्यंत, पुन्हा पुन्हा, आणि तोही पालक, शिक्षक, त्रयस्थ निरीक्षक आणि मूल स्वतः अशा वेगवेगळ्या लोकांकडून. रात्री अकरा वाजता, प्रबंधाची फाइल उघडी ठेवून, आठ मिनिटांत दिलेली टेस्ट त्या पंक्तीला बसत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत मी हे नेहमी पाहते: भांडणाच्या दुसऱ्या दिवशी अटॅचमेंटची प्रश्नावली भरली की माणूस ‘अँक्शस’ निघतो, आणि तीच तीन आठवड्यांनी भरली की मधल्या पट्ट्यात येऊन बसतो.

‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण संशोधनाच्या वेशात आली की कशी दिसते, त्याचा नमुना म्हणजे मार्शमेलोचा प्रयोग. वॉल्टर मिशेल यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बालवाडीत चार-पाच वर्षांच्या मुलांपुढे खाऊ ठेवला आणि सांगितलं, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. जी मुलं थांबली ती पुढे परीक्षांत सरस ठरली, असं १९९० मध्ये छापून आलं. ज्यांच्यावरून तो गाजलेला सहसंबंध काढला, ती मुलं जेमतेम काही डझन होती आणि बहुतेक विद्यापीठाशी संबंधित घरांतली. २०१८ मध्ये टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी नऊशेहून जास्त, खूप वेगवेगळ्या घरांतल्या मुलांवर हे पुन्हा तपासलं. संबंध मुळातच साधारण निम्मा निघाला. घरची परिस्थिती आणि लहानपणीची बौद्धिक क्षमता हिशेबात धरल्यावर त्यातलाही दोन तृतीयांश भाग गळून पडला.

याहून मला भावतो तो सेलेस्ट किड यांचा छोटासा प्रयोग, २०१३ सालचा. मुलं फक्त अठ्ठावीस. खाऊ ठेवण्याआधी एक मोठी व्यक्ती मुलाला म्हणते, ‘थांब, तुझ्यासाठी छान नवे रंग आणते.’ अर्ध्या मुलांना रंग खरंच मिळतात. उरलेल्या अर्ध्यांना, ‘सॉरी, रंग नाहीयेत.’ मग खाऊची पाळी. ज्यांना दिलेला शब्द पाळला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं होतं ती तीन मिनिटं. गुण तोच, वय तेच, पण एका खोट्या शब्दानंतर ‘आत्मसंयम’ पाव झाला. हातातलं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे त्या मुलांनी बरोबरच ओळखलं होतं. त्यामुळे कोणी कमी स्कोअर घेऊन आलं की माझा पहिला प्रश्न असतो, तुम्हाला दिलेले शब्द आजवर किती पाळले गेले?

आता मुद्द्यावर येते. इतकी वर्षं हे सगळं वाचून आणि खुर्चीच्या या बाजूला बसून माझं एक मत पक्कं झालंय: जवळचं माप दूरच्या मापापेक्षा जास्त सांगतं. ‘तुम्ही कसे माणूस आहात’ हे दूरचं माप. ‘हेच काम, याच परिस्थितीत, गेल्या काही महिन्यांत तुमच्याकडून कसं झालं’ हे जवळचं.

शिक्षणात याचा अर्थ असा, की पुढच्या निकालाबद्दल सगळ्यात जास्त सांगतात ते मागचे निकाल. त्यात बुद्धीही येते, चिकाटीही येते, घरातली शांतताही येते, शिकवणाराही येतो. कर्तव्यदक्षतेचा गुणांशी संबंध आर्थर पोरोपॅट यांच्या २००९ च्या एकत्रित विश्लेषणात ०.२ च्या जरासा वर आहे. खरा आहे, पण जीव तेवढाच.

करिअरबद्दल फार लांबवत नाही. श्मिट आणि हंटर यांचा १९९८ चा निबंध अनेक वर्षं नोकरभरतीचं बायबल होता. त्यात कामाचा प्रत्यक्ष नमुना करून घेणं आणि ठरावीक प्रश्नांची मुलाखत हे वरच्या रांगेत होते, ‘किती वर्षांचा अनुभव’ बराच खाली, आणि हस्ताक्षरावरून स्वभाव ओळखणं जवळपास शून्यावर. २०२२ मध्ये पॉल सॅकेट यांच्या गटानं ते हिशेब पुन्हा केले. कामगिरीशी असलेले बरेच सहसंबंध खाली आले, बुद्धिमत्ता चाचणीचा ०.५१ वरून ०.३१ वर. ठरावीक प्रश्नांची मुलाखत मात्र ०.४२ वर, सगळ्यांच्या पुढे टिकली. पुन्हा तेच: कामाच्या जितकं जवळ जाऊन पाहाल तितकं दिसेल. तुमची सहा महिन्यांची नोकरी हाही एक नमुनाच आहे, पण एकच. त्या कामात, त्या वरिष्ठांच्या हाताखाली, तुम्ही टिकला नाहीत. हे वाक्य ‘मी कुठेच टिकत नाही’पेक्षा लहान आहे, आणि पुराव्याच्या मापाचं आहे.

जाता जाता एक किस्सा. लुईस टर्मन यांनी १९२१ पासून कॅलिफोर्नियात उच्च बुद्ध्यांकाची सुमारे दीड हजार मुलं निवडून त्यांचा आयुष्यभर पाठपुरावा केला. त्या निवडीत बुद्ध्यांक पुरेसा नाही म्हणून वगळलेल्यांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुलं होती. पुढे दोघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८ मध्ये. निवडलेल्या दीड हजारांत नोबेल कोणालाच नाही.

नात्यांचं तर याहून स्पष्ट आहे, आणि तुमची खरी भीती तिथे आहे असं वाटतं म्हणून थोडं थांबते. जोडप्याचं पंधरा मिनिटांचं संभाषण पाहून घटस्फोट होणार की नाही हे नव्वद टक्क्यांहून जास्त अचूक सांगता येतं, असा जॉन गॉटमन यांच्या कामाचा गाजावाजा तुम्ही वाचला असेल. त्यातली मेख अशी की कोणाचं मोडलं आणि कोणाचं टिकलं हे आधीच कळलेल्या जोडप्यांवरच सूत्र बसवलं होतं. निकाल लागल्यावर उत्तरपत्रिका लिहिण्यासारखं. तसं सूत्र नव्या जोडप्यांना लावलं की अचूकता कशी कोसळते, ते हेमन आणि स्लेप यांनी २००१ मध्ये दाखवून दिलं. गॉटमन यांचं निरीक्षण मी तरीही रोज वापरते. नवरा-बायको समोर बसलेले असताना एकानं दुसऱ्याच्या बोलण्यावर ओठ वाकडा करून छताकडे पाहिलं, की मी वहीत खूण करते. भांडणाच्या आवाजापेक्षा तुच्छतेचा तो एक क्षण मला जास्त काळजीचा वाटतो.

२०२० मध्ये समांथा जोएल, पॉल ईस्टविक आणि बऱ्याच सहसंशोधकांनी ४३ अभ्यासांतली ११,१९६ जोडपी एकत्र करून संगणकाला विचारलं, नात्यातलं समाधान कशावरून ओळखता येतं? व्यक्तीच्या स्वभावाचे आकडे त्या वेळच्या समाधानातला फार तर २१ टक्के फरक सांगू शकले. तुमचं अँक्शस असणं त्यात येतं, ते मी लपवत नाही. पण नात्याबद्दलचे आकडे ४५ टक्क्यांपर्यंत गेले: जोडीदार या नात्यात मनापासून आहे असं वाटतं का, त्याच्याबद्दल कदर वाटते का, शारीरिक जवळिकीत समाधान आहे का, तोही या नात्यात सुखी आहे असं वाटतं का, भांडणं किती होतात. आणि हे कळल्यानंतर स्वभावाच्या आकड्यांनी जवळजवळ काहीच भर घातली नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नातं पुढे सुधारेल की बिघडेल, हा बदल कुठल्याच आकड्यांवरून धड सांगता आला नाही.

आणि आयुष्याच्या एकूण भाकिताबद्दल? अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत २००० सालच्या आसपास जन्मलेल्या मुलांचा एक दीर्घ अभ्यास आहे. मॅथ्यू सॅल्गानिक यांच्या गटानं त्यातल्या ४,२४२ कुटुंबांची जवळपास तेरा हजार प्रकारची माहिती १६० चमूंच्या हाती दिली आणि पंधराव्या वर्षी काय झालं असेल ते ओळखायला सांगितलं. शाळेतले गुण, आर्थिक ओढाताण, घर सोडावं लागणं असे सहा निकाल. २०२० मध्ये निष्कर्ष आला: सगळ्यात सरस मॉडेलही फक्त चार गोष्टींवर बेतलेल्या साध्या सूत्रापेक्षा किंचितच पुढे. तेरा हजार गोष्टी ठाऊक असलेल्या यंत्राला जे जमलं नाही, ते तीन टेस्टना जमलंय असं तुम्ही धरून चालला आहात.

माझीही एक चूक सांगते. रिपोर्ट लिहायच्या दिवसांत पंधरा वर्षांचा एक मुलगा आला होता. तीन तास चाचण्या झाल्या. शेवटी मी लिहिलं, ‘चिकाटी कमी. दीर्घ मुदतीच्या अभ्यासक्रमाची शिफारस नाही.’ दीड वर्षानं त्याची आई त्याला घेऊन परत आली. रिपोर्ट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, त्या वाक्याखाली लाल पेनानं दोन रेघा. “हे तुम्हीच लिहिलंय ना, मॅडम?” मुलगा खिडकीबाहेर बघत होता. घरात त्याचं काहीही अर्धवट राहिलं की ते वाक्य वाचून दाखवलं जायचं. पोहणं सोडलं, वाचून दाखवलं. गणिताची वही अपुरी राहिली, वाचून दाखवलं. चिकाटीचा तो भाग अकरा प्रश्नांचा होता आणि तो त्यानं तिसऱ्या तासाच्या शेवटी, जांभया देत भरला होता. हे मी पाहिलं होतं. रिपोर्टात लिहिलं नव्हतं. त्यानंतर मी कोणाच्याही रिपोर्टात ‘शिफारस नाही’ लिहिलेलं नाही.

आता तुमच्याबद्दल. काही गोष्टी इथे बसून मला सांगता येणार नाहीत, त्या तुमच्या परिस्थितीवर आहेत. लक्ष न लागणं, वस्तू हरवणं, कामं अर्धी सोडणं हे लहानपणापासून सगळीकडेच होत असेल, तर टेस्टचा नाद सोडून मानसोपचारतज्ज्ञांकडून नीट तपासणी करून घ्या. त्याला औषधोपचार आहे. झोप-भूक बिघडली असेल, दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच रस वाटत नसेल, तर तेही तज्ज्ञांकडे नेण्याचं काम. आणि नात्यातली धाकधूक जोडीदाराच्या धमक्या, पाळत किंवा हात उगारणं यातून येत असेल, तर ती अटॅचमेंट स्टाइल नव्हे. ती भीती रास्त आहे, आणि तेव्हा आधी सुरक्षिततेचा विचार.

यातलं काही नसेल, तर प्रबंधापासून सुरुवात करा. आठ महिन्यांपूर्वी कुठल्या पानावर थांबलात, ते पान उघडा. माझ्याकडे आलेले रखडलेले प्रबंध बहुतेक तीन जागी अडकलेले असतात. पुढची पायरी काय तेच माहीत नाही, मार्गदर्शकांचं उत्तर येत नाही, किंवा लिहिलेलं दाखवायची लाज वाटते. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत आणि ‘चिकाटी वाढवा’ हा त्यांतल्या एकावरही नाही. पायरी ठरली की पीटर गोलवित्झर यांची ‘जर-तर’ योजना वापरा. ‘उद्यापासून लिहीन’ असं नको. ‘सकाळी चहाचा कप खाली ठेवला की दुसऱ्या प्रकरणाची फाइल उघडून एक परिच्छेद’ असं. बऱ्याच लोकांना ही युक्ती पोरकट वाटते. पण ९४ चाचण्यांच्या २००६ मधल्या आढाव्यात तिचा परिणाम मध्यम ते मोठा निघाला, आणि आमच्या क्षेत्रात इतकं सहसा मिळत नाही. आत्मसंयम जास्त असलेली माणसं मोहाशी जास्त झुंजत असतील असा आपला समज असतो. विल्हेल्म हॉफमन यांच्या २०१२ च्या अभ्यासात उलटं दिसलं: त्यांच्यावर झुंजायची वेळच कमी येते. फोन दुसऱ्या खोलीत असतो.

तुमच्या वयाबद्दलही एक गोष्ट. ९२ दीर्घकालीन अभ्यासांच्या २००६ च्या आढाव्यात ब्रेंट रॉबर्ट्स यांना दिसलं की कर्तव्यदक्षता आणि भावनिक स्थैर्य हे गुण सरासरीनं वयासोबत वाढत जातात, आणि वाढ सगळ्यात जास्त वीस ते चाळीस या वयात होते. तुम्ही त्या वाटेवर चार वर्षं आत आहात. त्यांच्याच २०१७ च्या आढाव्यात उपचारांमुळे, काही महिन्यांतच, व्यक्तिमत्त्वाचे आकडे हललेले दिसले, आणि सगळ्यात जास्त हललं ते भावनिक स्थैर्य. म्हणजे धाकधूक ज्यातून येते तेच.

राहिला शेवटचा प्रश्न, रिझल्ट दाखवू का. दाखवायला हरकत नाही, पण आज नको. ‘बघ, मी असा आहे’ म्हणून ते तीन आकडे पुढे केलेत की जोडीदाराकडे दोनच पर्याय उरतात, नाही-नाही म्हणून समजूत घालणं किंवा गप्प बसणं. दोन्हींनंतर तुमची धाकधूक वाढेल. त्याऐवजी धाकधूक नेमकी कधी होते ते आठवडाभर टिपा. मेसेजला तीन तास उत्तर आलं नाही तेव्हा? निरोप घेताना? मित्रांत असताना? मग त्यांतला एकच प्रसंग, तारखेसकट, समोर ठेवा आणि विचारा, ‘तेव्हा तुझ्या बाजूला काय चाललं होतं?’ जे उत्तर येईल ते इथे लिहा. त्यावर मला तुमच्या स्कोअरपेक्षा जास्त बोलता येईल.